माउंटखाली गेलेला माणूस

मी, वय ५२, धंदा फोटोफ्रेमचे दुकान, राहणार दुकानामागची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझे थोरले भाऊ रविवारी सकाळपासून बेपत्ता आहेत. त्यांना हल्ली काही आठवत नाही. तक्रार वहिनींनी दिली आहे. बसस्टँडवर कोणीतरी त्यांना पाहिल्याचे कळल्यावरून आम्ही सगळे तिकडेच शोधत होतो.

मंगळवारी एका फोटोवाल्या बाईंनी प्रदर्शनासाठी तळ्यावरच्या बगळ्याचा मोठा फोटो आणला. रविवारीच काढला, असे त्या म्हणाल्या. मी ऐकून सोडून दिले. फोटोच्या उजव्या कडेला गवतात बोटाएवढा एक माणूस पाठमोरा होता. बाईंनी त्याच्याविषयी काही सांगितले नव्हते. पण निसर्गाच्या फोटोत माणूस म्हणजे दाताखाली खडा, हे माझे मत, आणि गिऱ्हाइकाला न विचारता ते चालवायची मला खोड आहे. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट बसते, तिला माउंट म्हणतात. तिची खिडकी मी उजवीकडून आत घेऊन कापली. माणूस पुठ्ठ्याखाली गेला आणि बगळा छान मधोमध आला. बाई खूश झाल्या. मी परत बसस्टँडवर गेलो.

काल प्रदर्शनात ती फ्रेम पडून काच फुटली, म्हणून दुरुस्तीला आली. वहिनींना घरी बसवत नाही, त्या दुकानात काचा पुसतात. त्यांनी मागची फळी काढून फोटो बाहेर घेतला आणि बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, चपला हातात आहेत. हे तुमचे दादाच."

ओल्या गवतात दादा चपला हातात घेऊन चालतात, खराब होऊ नयेत म्हणून. लहानपणी मी त्यावरून त्यांना चिडवायचो. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तसे झाले. फरक इतकाच की कळसा मीच झाकला होता. माणूस दिसला, पण कोण आहे ते मी पाहिलेच नाही.

माउंट कोणी कापले, असे वहिनींनी विचारले. बाईंनी तयार आणले होते, असे मी सांगितले. ते खोटे आहे. माउंट मी कापले.

तळ्यावर आज सकाळपासून शोध चालू आहे. तो मंगळवारीच सुरू झाला असता. याची मला फार लाज वाटते.

वहिनी बाहेर बाकावर दादांचा स्वेटर घेऊन बसल्या आहेत. त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही. सबब माझ्या विनंतीवरून हा जबाब दार उघडे ठेवून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.