स्नेहलताचे अकरा महिने

दिनकर: घंटीवरचं नाव नीट वाच. डुबल. हे मराठी असेल असं तुला कुणी सांगितलं?

स्नेहलता: कराडला माझ्या आत्याच्या शेजारी डुबलच राहायचे. टेलिफोनच्या पुस्तकातली वकिलांची पानं काल चष्मा लावून वाचली मी. ‘आउसलेंडररेष्ट’, म्हणजे परदेशी लोकांचा कायदा, असं नावापुढं लिहिलेले सगळ्या बॉबलिंगेनमध्ये सहाच. त्यात एक डुबल. ठेवलं बोट.

दिनकर: बोट ठेवून वकील निवडतात का? यशवंतने माणूस सुचवला होता. तो तर गॅरंटी देत होता.

स्नेहलता: तुमच्या मित्राच्या त्या माणसाचं ऑफिस फोनकार्डांच्या दुकानात आहे, मागच्या बाजूला. दाबा घंटी.

वीणा: ग्र्यूस गॉट! या, या. जिना उंच हाय, वाईच दम खावा. मी वीणा डुबल. हितं बसा, खिडकीपाशी.

दिनकर: वकील तुम्हीच? आणि मराठी... इतकं...

वीणा: बाबांची मराठी हाय ही. साठ साली कराडहून आले ते, लेथवर काम शिकायला. आई हितलीच, श्वाबिश. म्हंजी मी एकाच माणसाकडनं मराठी ऐकलीय. चुकलं तर बोल त्यांना लावायचा. आल्झो, काय झालंय?

दिनकर: मी क्रमाने सांगतो. मी दिनकर आपटे. गिअरबॉक्स डिझाइन करतो, शहाऐंशीपासून इथे जर्मनीत, एकाच कंपनीत. ही माझी पत्नी स्नेहलता, एकोणनव्वदला आली. दोघांकडेही इथे कायमचं राहायचा परवाना. आता मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या मार्चमध्ये...

स्नेहलता: मार्चमध्ये मी सांगलीला गेले. ह्यांच्या आई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं. मी गेले ती या फेब्रुवारीत परत आले.

वीणा: अकरा म्हैने.

स्नेहलता: अकरा. विमानतळावर कुणी हटकलं नाही. मग एप्रिलमध्ये पासपोर्ट संपला. परवान्याचं स्टिकर नव्या पासपोर्टात लावून घ्यायला आमच्या गावच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी जुना पासपोर्ट उघडला आणि शिक्के बघत बोटांवर महिने मोजले. म्हणाल्या, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात, तुमचा परवाना ‘एरलोशन’. विझला. दिव्याला वापरतात ना, तोच शब्द.

दिनकर: हे त्यांचं पत्र. दोन आठवड्यांत म्हणणं मांडा म्हणतात. त्यातले नऊ दिवस गेले. म्हणून मी ही फाइल तयार केली. प्रत्येक भागाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी आहे.

वीणा: काय फाइल हाय! जर्मन माणूस लाजंल. पगाराचे कागद, घराचा करार, विमा... आन हे काय? सांगलीचं डॉक्टरी सर्टिफिकेट. ‘सौ. स्नेहलता आपटे, तीव्र कावीळ, प्रवासास अयोग्य.’ काकू, कावीळ झालती तुमाला?

स्नेहलता: मला? कधी?

दिनकर: ते जरा... यशवंत म्हणाला, आजारपणात अडकली असं दाखवलं की सूट मिळते. त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत.

स्नेहलता: अहो!

दिनकर: तुला सांगणारच होतो.

स्नेहलता: आजारी आई होत्या. मी धडधाकट होते, म्हणून तर त्यांना उचलून बसवू शकले. आधी पलंगापासून खुर्चीपर्यंत, मग खिडकीपर्यंत, दिवाळीला पार अंगणात. शेजारचे लोक बघायला आले होते. अकरा महिने मी उभी होते आणि तुम्ही मला कागदावर झोपवलंत?

दिनकर: घाबरलो गं मी. आई माझी. जायला मी हवं होतं. मी म्हणालो प्रोजेक्ट सोडता येणार नाही, आणि तू एक शब्द न बोलता बॅग भरलीस. आता त्यापायी तुझंच इथलं घर जायची वेळ आली. रोज ड्रॉइंग उघडून बसतो आणि एक रेघ ओढली जात नाही. कुणी नुसतं ‘गॅरंटी’ म्हटलं तरी बरं वाटत होतं.

वीणा: काका, एक ऐका. गॅरंटी देतो त्यो वकील नसतो. वकील आधी कागद मागतो. त्याचं नाव वकिलांच्या कामरमधी, संघटनेत, असतं. तितं फोन करून इचारायचं, ह्यो माणूस वकील हाय का. आन हा कागद तुमी कचेरीत दिला असता, तर मग मला काई करता आलं नसतं. खोटा कागद म्हंजी गुन्हा. परवाना राहिला असता तरी ह्याच्यापायी गेला असता.

दिनकर: माझ्या लक्षात नाही आलं.

स्नेहलता: द्या इकडं ते सर्टिफिकेट.

दिनकर: अगं, किती बारीक तुकडे करशील?

स्नेहलता: अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

वीणा: करा, करा. पापियरकोर्ब, कागदाची टोपली, त्या टेबलाखाली हाय. आता खरं काय ते सांगा. काकू, एकोणनव्वद ते दोन हजार पाच, मधी कधी लांब गेलता?

स्नेहलता: नाही. दोन वर्षांनी एकदा सुट्टीला, पाच आठवडे फार तर.

वीणा: म्हंजी सोळा वर्षं सलग. काका, तुमचा पगार चालूच?

दिनकर: एकही महिना चुकलेला नाही. लाल चिठ्ठीच्या मागे सगळे आहेत.

वीणा: सरकारकडनं मदत-बिदत घेतली कधी?

दिनकर: छे!

वीणा: मग काकू, हसा आता.

स्नेहलता: का हो?

वीणा: सहा म्हैन्यांचा नियम खरा हाय. त्या बाई खोटं बोलल्या न्हाईत. पन त्याच कलमात खाली आनखी एक भाग हाय. ह्या पुस्तकात बघा, कलम एक्कावन्न. ज्यानं हितं पंधरा वर्षं कायद्यानं काढली आन ज्याच्या पोटापान्याची सोय हाय, त्याचा कायमचा परवाना असा भाईर राहिल्यानं जात न्हाई. मग अकरा म्हैने ऱ्हावा न्हाईतर अकरा वर्षं.

दिनकर: थांबा, मला वाचू द्या... ‘किमान पंधरा वर्षे’... म्हणजे विझलाच नव्हता तो?

वीणा: गेनाऊ, बराबर. कधीच न्हाई.

स्नेहलता: मग त्या बाईंनी?

वीणा: कायदा नवाय, सव्वा वर्षाचा. त्या एका ओळीवर थांबल्या, खाली गेल्या न्हाईत. मी आज पत्र लिहिते. कलम दाखवते, तुमची सोळा वर्षं दाखवते, सासूबाईंच्या ऑपरेशनचे खरे कागद लावते. आन मागते, की परवाना चालू हाय असा लेखी दाखला द्या. तसा दाखला मिळतो.

दिनकर: आणि नाही म्हणाले तर?

वीणा: तर कोर्ट. पन तशी येळ येईल असं मला वाटत न्हाई. गॅरंटी मातूर देत न्हाई हां!

स्नेहलता: अहो, बघा, तुम्ही हसलात. एप्रिलपासून पहिल्यांदा.

दिनकर: मी हसलो?

स्नेहलता: बाई, आता जीव हलका झालाय तर आणखी एक विचारू? इथं येतेय कळल्यावर इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी चिठ्ठी दिलीय. कुंदाचा भाऊ बॉनला शिकतोय, या उन्हाळ्यात संपतंय त्याचं. डिग्री हातात आली की लगेच परत जायचं का?

वीणा: न्हाई. एक वर्ष मिळतं, शिक्षणाला शोभंल अशी नोकरी शोधायला. पन परवाना संपायच्या आधी अर्ज करायचा, मागनं न्हाई. फुडं?

स्नेहलता: स्वरूपाला बाळ होणार आहे. ते भारतीय का जर्मन?

वीणा: आईबापातलं एक जन आठ वर्षं हितं आसंल आन त्याच्याकडं कायमचा परवाना आसंल, तर बाळ जन्मतःच जर्मन.

स्नेहलता: आणि नसेल तर?

वीणा: तर नुसतंच गोड. पन त्यालाबी परवाना काढावा लागतो, इसरू नका म्हनावं. आन ज्याचे कागद त्यानं घेऊन यावं. चिठ्ठीवर औषध देत न्हाई मी.

(तीन आठवड्यांनी, दुपारी. आपट्यांच्या घरी फोन वाजतो. रस्ताभर वर्ल्डकपचे झेंडे लागलेले आहेत.)

वीणा: काकू, खुर्चीवर बसलाय न्हवं? दाखला आलाय. शिक्का, सही, समदं. नव्या पासपोर्टात स्टिकर लावून घ्यायला सोमवारी बोलावलंय.

स्नेहलता: काय लिहिलंय? तुम्ही सांगू नका, त्यांचं त्यांचं वाचा.

वीणा: ‘डी नीडरलासुंग्जएरलाउबनिस बेश्टेट फोर्ट.’ परवाना कायम हाय.

स्नेहलता: पुन्हा म्हणा.

वीणा: बेश्टेट फोर्ट.

स्नेहलता: किती गोड भाषा आहे हो ही.

वीणा: माझ्या सगळ्या वकिलीत हे कुनी म्हनालं न्हाई, काकू! बाबांना सांगते संध्याकाळी.

स्नेहलता: त्यांना घेऊनच या रविवारी. झुणका करते. कराडच्या माणसाला विचारायला नको. ठेवू? हे आलेत वाटतं, किल्ली वाजली.

दिनकर: कुणाचा फोन? अगं, काय झालं? रडतेस का?

स्नेहलता: हसतेय. आला दाखला. बेश्टेट फोर्ट.

दिनकर: ...मला जरा बसू दे.

स्नेहलता: बूट तरी काढा.

दिनकर: स्नेहा, मलाही एक सांगायचं होतं. तुझा दाखला येईपर्यंत थांबलो होतो. मी सुट्टीचा अर्ज दिलाय. सप्टेंबरपासून पाच महिने. मंजूर झालाय. सांगलीला जातोय.

स्नेहलता: तुम्ही? आणि प्रोजेक्ट?

दिनकर: प्रोजेक्टला दुसरा इंजिनिअर मिळाला. एका दुपारीत मिळाला गं. मागच्या वर्षी मी विचारलंच नव्हतं.

स्नेहलता: आईंना कळवलंत?

दिनकर: सकाळी फोन केला. म्हणाली, ‘तू येऊन काय करणार? तिलाच पाठव.’

स्नेहलता: बरोबरच आहे त्यांचं!

दिनकर: हसू नकोस. मला शिकव. अगदी पहिल्यापासून सांग, मी लिहून घेतो.

स्नेहलता: वही राहू द्या. उठा, माझ्याजवळ या. चालताना त्यांच्या डाव्या बाजूला राहायचं, असं. आणि हात आपण पुढं करायचा नाही. त्या धरतात.