साध्या पाण्याची रांग

(संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरची प्रयोगशाळा. शेजारच्या दोन खोल्यांत उंदरांचे पिंजरे.)

मॅडम : परत बघ. आणि या वेळी खरं सांग, ही काचपट्टी कुठल्या रांगेतल्या उंदराची?

विद्यार्थिनी : साध्या पाण्याच्या, मॅडम.

मॅडम : साध्या पाण्याच्या! अगं, डोळे आहेत ना तुला? चरबीच्या पेशी कशा टम्म फुगल्यात बघ. मधेमधे सूज. ही साधं पाणी पिणाऱ्या उंदराची चरबी?

विद्यार्थिनी : मलाही आधी पटलं नव्हतं. म्हणून तर पुन्हापुन्हा तपासलं.

मॅडम : ताणाचं हार्मोन पाण्यातून पाजलं की उंदीर पोटाला सुटतात, पाय वाळतात आणि पोटातल्या चरबीची ही अशी दशा होते. ते तू औषधाच्या रांगेत दाखवायचं होतंस. साधी रांग ठणठणीत राहायला हवी होती. आता दोन्ही रांगांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. याचा अर्थ काय?

विद्यार्थिनी : तुम्हाला वाटतंय, मी बाटल्यांची अदलाबदल केली.

मॅडम : वाटत नाही, दिसतंय. आणि चुकून झाली असेल तर आत्ताच बोलून टाक. उद्या समितीपुढे मला सही करायची आहे. ‘हिचं काम भरवशाचं नाही’ एवढं लिहिलं तरी तुझी पीएचडी गेली.

विद्यार्थिनी : माहीत आहे. घरी अजून सांगितलं नाही. ऐकलं तर आई अंथरूण धरेल.

मॅडम : रडून मला गुंडाळू नकोस. काकांना बोलाव. पिंजऱ्यांची झाडलोट तेच करतात ना?

काका : बोलवायला कशाला हवं, मी दारातच आहे. बादली ठेवायला आलो होतो.

मॅडम : दारात उभं राहून ऐकत होता? बरं झालं. उंदरांना काय खायला घालता तुम्ही?

काका : संस्थेतून येतं तेच. दुसरं काय घालणार?

मॅडम : मागे एकदा बिस्किट भरवताना मीच पकडलं होतं तुम्हाला.

काका : ते पिल्लू आजारी होतं हो! एकदा काय दया दाखवली, जन्माचा डाग लागला.

विद्यार्थिनी : मॅडम, काकांनी काही घातलेलं नाही. दोन्ही रांगांना खाणं मी तोलून देते. आणि बाटल्याही मी बदललेल्या नाहीत. हे बघा.

मॅडम : काय आहे हे?

विद्यार्थिनी : मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी. ताणाचं हार्मोन जिथं तयार होतं, त्या.

मॅडम : मला शिकवतेस?

विद्यार्थिनी : नाही. तुम्हीच आम्हाला शिकवलंत की हार्मोन बाहेरून आयतं मिळालं तर या ग्रंथी आळसावतात आणि सुकतात. औषधाच्या रांगेत सगळ्यांच्या सुकल्यात. मी बाटल्या बदलल्या असत्या तर साध्या रांगेतल्याही सुकल्या असत्या.

मॅडम : आण इकडे. ... या तर मोठ्या झाल्यात.

विद्यार्थिनी : हो.

मॅडम : म्हणजे बाहेरून काही मिळालंच नाही. यांचं यांनीच तयार केलं.

विद्यार्थिनी : कशाला तरी सारखे भीत होते ते, मॅडम.

मॅडम : कशाला? खाणं तेच, उजेड तोच. काका, रेडिओ लावता का तिथं?

काका : रेडिओ तुम्हीच घरी न्यायला लावलात.

मॅडम : मग मांजर शिरत असेल. नाहीतर तुम्ही बादल्या आपटत असाल. ... एकमेकांकडे काय बघताय? काय लपवताय दोघं मिळून?

काका : मी येतो. अजून भुसा बदलायचाय.

मॅडम : इथंच थांबा! बोल गं तू.

विद्यार्थिनी : औषधाची रांग आतल्या खोलीत हलवायला कुणी सांगितलं होतं?

मॅडम : मीच. तुझा धांदरट स्वभाव मला ठाऊक आहे. घोटाळा होऊ नये म्हणून दोन रांगा दोन खोल्यांत ठेवल्या.

विद्यार्थिनी : साधी रांग तेव्हापासून पुढच्या खोलीत एकटी आहे. तिथं एक खुर्ची आहे.

मॅडम : असेल. मी बसते तिथं कधीकधी. शांत असतं.

विद्यार्थिनी : तुम्ही फोनवर बोलायला बसता, मॅडम. दार जाड आहे, बाहेर काही जात नाही असं तुम्हाला वाटतं. पण धुण्याच्या खोलीकडे जाळी आहे. बाटल्या धुताना सगळं ऐकू येतं.

मॅडम : सगळं म्हणजे?

विद्यार्थिनी : तुमचे भाऊ. आणि तुमच्या आईंना कुठं ठेवायचं ते.

मॅडम : बस! शरम नाही वाटत? आमच्या घरातलं कान लावून ऐकायचं, आणि स्वतःवर बेतलं की खापर माझ्या डोक्यावर फोडायचं?

काका : मॅडम, लहान तोंडी मोठा घास होईल, पण पोरगी खोटं बोलत नाही. तुम्ही दार लावून बोलायला लागलात की ते जीव भुशात तोंड खुपसतात. नंतर मी खाणं घेऊन गेलो तरी बाहेर यायला तयार नसतात. परवा तर तुम्ही स्टुलाला लाथ मारलीत.

मॅडम : मग मला सांगायचं नाही?

काका : कसं सांगू? तुम्ही डोळे पुसत बाहेर आला होतात.

विद्यार्थिनी : खुर्चीजवळच्या पिंजऱ्यांतले सगळ्यात जास्त सुटलेत. भिंतीकडचे कमी.

मॅडम : हे तुला केव्हापासून ठाऊक आहे?

विद्यार्थिनी : ग्रंथी बघितल्यापासून.

मॅडम : तुझी पीएचडी जायची वेळ आली आणि तू तोंड शिवून बसलीस?

विद्यार्थिनी : सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?

मॅडम : ... जे आत्ता म्हणाले तेच.

काका : पाणी देऊ का, मॅडम?

मॅडम : नको. जेवण निम्म्यावर आणलं, तरी माझं पोट सुटतंय म्हणून मी डॉक्टरशी भांडून आले. म्हटलं, याचं वजनाचं मशीनच खोटं.

काका : डबा तर तुमचा भरलेलाच परत जातो. मी बघतो ना.

विद्यार्थिनी : उंदरांनीही जास्त खाल्लेलं नाही, मॅडम.

मॅडम : दादा म्हणतो, आई आता कुणालाच ओळखत नाही, मग ती कुठंही राहिली तर काय बिघडलं. तो असं बोलला की माझा आवाज माझ्या ताब्यात राहत नाही गं. वाटायचं, इथं तरी कुणाला त्रास होत नाही.

विद्यार्थिनी : उद्या समितीला काय सांगायचं?

मॅडम : प्रयोग पुन्हा करायचा. दोन्ही रांगा एकाच खोलीत. खुर्ची काका आत्ता बाहेर काढतील.

विद्यार्थिनी : आणि ही रांग? वगळून टाकू?

मॅडम : वगळायची कशाला? ग्रंथींसकट सगळं मांड. एवढं स्वच्छ काम मीसुद्धा तुझ्या वयात केलं नव्हतं.

विद्यार्थिनी : कारण काय लिहू? ‘खोलीतला गोंगाट’?

मॅडम : समिती विचारेल, कसला गोंगाट. मार्गदर्शिकेचं ओरडणं, असं लिही. खाली सही मी करते.

विद्यार्थिनी : मॅडम! असं कसं लिहू मी?

मॅडम : हळू बोल. दार उघडं आहे, घाबरतील ते.