दुसऱ्या ओढ्याचं सोनं

बसा हो, पाव्हणे, एवढ्यात उठू नका. कॉफी अर्धी टाकून कुणी उठलं की माझ्या बायकोला, हिल्काला, राग येतो — आणि खरं सांगायचं तर तुम्ही उठून परत तिच्याकडे जाऊ नये म्हणूनच मी म्हणतोय बसा. मघाशी तिनं ती सोन्याच्या दाण्यांची बाटली तुमच्या हातात दिली, तुम्ही उजेडाला धरलीत, जराशी हलवलीत, आणि मग बाटलीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलंत — तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं झालं, हा माणूस ओढ्यांतून सोनं काढणारा जुना गडी आहे, याच्या लक्षात आलं. आलं ना? — एवढी मान हलवू नका, ती बघतेय. हसा जरा. मी हात करतो तिला. — काही नाही गं, यांच्या गाडीचं चाललंय! — पाण्याच्या आवाजात तिला ऐकू जात नाही, ते एक बरं आहे.

आणि तुम्ही तिला विचारलंत, कुठल्या ओढ्याचं? तुमच्या लोकांत असं विचारत नाहीत म्हणे. किती मिळालं विचारायचं नाही, कुठं मिळालं तर मुळीच नाही. तुम्ही विचारलंत, म्हणजे तुम्हाला उत्तर माहीतच होतं. आणि ती बिचारी कौतुकानं म्हणते, याच ओढ्याचं की, या धक्क्यावरून. — या ओढ्यात सोनं नाहीये. तुम्हाला ते ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, फक्त तिला ठाऊक नाही.

आता मला लबाड म्हणाल. म्हणा. पण आधी हे ऐका, जागा शोधायला मी काय कमी वणवण केली? जन्मभर या भागात बर्फ काढायची गाडी चालवली मी, कुठल्या वळणावर गाडी लावता येते ते मला झोपेत विचारा. निवृत्त झालो आणि ही म्हणाली, आउलिस, आता मला सोन्यासाठी वाळू धुवायला ने, लहानपणापासून मनात आहे. म्हटलं नेतो. तेवढ्यात बर्फावर पडली, खुब्याचं हाड मोडलं, हातात तो चाकांचा वॉकर आला. पण इच्छा काही मोडली नाही. वरच्या नदीला न्यावं तर आधी होडी, मग दलदलीतून चालत. दुसऱ्या एका ठिकाणी नेली, तिथं काठ असा उभा, की खाली गेली बसत-घसरत, पण वर येईना. मासे धरणारे दोघं आणि मी, आम्ही तिघांनी उचलून वर आणली. गाडीत बसल्यावर म्हणाली, बटाट्याच्या पोत्यासारखी आणलीत मला. राहता राहिली ती पर्यटकांची जागा. तिथं सोय सगळी — उतार आहे, कठडा आहे, संडाससुद्धा चाकाच्या खुर्चीवाल्यांचा वेगळा — पण तिथं हौद केलेत आणि सोनं वरून टाकतात. हिल्का दारातूनच मागं फिरली. म्हणाली, टाकलेलं सोनं मी वेचणार नाही, मी काय कोंबडी आहे होय, माझ्यापुढे दाणे टाकायला?

मग ही जागा मिळाली. मित्राची आहे, त्यानं त्याच्या म्हाताऱ्या वडलांना मासे धरता यावेत म्हणून हा फळ्यांचा धक्का केला होता. गाडी थेट लागते. खुर्ची बसते. हात घातला की पाणी, हात घातला की वाळू. सगळं होतं हो, सोनं तेवढं नव्हतं. मी म्हटलं, असू दे, हौस फिटेल, मग घरी जाऊ. पण ती रोज बादलीभर वाळू धुवायची, तसराळं शेवटी अगदी हळू फिरवायची, डोळे बारीक करून बघायची — काही नाही. तक्रार करायची नाही. कंबर धरून उठायची आणि म्हणायची, उद्या. ते 'उद्या' मला ऐकवेना झालं. तुमच्या बायकोनं रोज तसं म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? — हं. मी काय केलं सांगतो. बादलीत चिमूटभर सोनं टाकलं.

तो दिवस तुम्ही बघायला हवा होता. एवढासा दाणा, पण बोटाच्या टोकावर घेऊन ती मला दाखवायला इथपर्यंत आली, वॉकर तिकडेच विसरून. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी परत टाकलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आउलिस, तुझा हात फार असतो रे बादलीत. मला वाटलं सापडलो. पण तिला वाटत होतं, मी तिच्या आधी शोधून घेतोय.

विकतचं? छे, विकतचं असतं तर तुम्ही असं बघितलं असतंत का? गोल दाणे, वर गंजासारखी तांबूस झाक — असलं सोनं कुर्की ओढ्याखेरीज कुठं निघत नाही, आणि त्या ओढ्यावर खणत होता एकटा ओइवा. — होय. तोच. हिल्काचा भाऊ. — तुमची खणायची हद्द शेजारच्याच ओढ्यावर होती? अरे देवा. मग तुम्हाला हेही माहीत असेल की भाऊ-बहीण बोलत नव्हते. आई अंथरुणाला खिळली होती, हिल्का तिचं हगणं-मुतणं काढत होती, आणि हा वर ओढ्यावर, सोनं साठतं त्या तळच्या वाळूपर्यंत पोचला होता, आता सोडून कसं येऊ म्हणाला. पाणी गोठेपर्यंत आला नाही. आईला पुरलं ते त्याच्यावाचून.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या आधी मला इव्हालोच्या दवाखान्यात बोलावून घेतलं, सोन्यानं भरलेली एक बाटली हातात दिली, म्हणाला, हिल्काला दे, आणि मी दिली म्हणून सांग. नुसतं दे नाही म्हणाला, सांग म्हणाला. मी घरी येऊन विषय काढला, तर ही म्हणते, त्याचं सोनं माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. बाटली गाडीतच लपवून ठेवली, पुढच्या आठवड्यात परत त्याच्याकडे गेलो. त्यानं विचारलं, घेतली का? आणि मी — मी हो म्हणालो. घेतली, म्हटलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, म्हटलं. जाणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? तो भिंतीकडे तोंड करून झोपला. म्हणजे बघा, त्याला सांगितलं तिनं घेतली म्हणून, आणि तिला सांगतोय की ओढ्यानं दिलं म्हणून. दोघांनाही फसवलं मी. आणि परवा ती काय म्हणाली माहितीय? ओइवा ज्याच्यासाठी आईला सोडून गेला, म्हणाली, ते मला खुर्चीत बसून मिळालं. आणि हसली. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो, लाज वाटली मला माझी.

आता उद्या तुमच्या लोकांचा मेळावा, आणि हिला बाटली घेऊन तिथं जायचंय. सगळे ओइवाचे दोस्त. एक नजर टाकली की ओळखतील, आणि तिच्या तोंडावर कुणीतरी त्याचं नाव घेईल. म्हणून तुमच्या पाया पडतो, पाव्हणे, सगळ्यांना आधी गाठून सांगा, की बघायचं, मान डोलवायची, बोलायचं काही नाही. एवढं करा. — नाही? का नाही? — कोण काढायचा वेगळे? — ओइवा? दर उन्हाळ्यात? सगळ्यात चांगले दाणे, बहिणीचे म्हणून, त्या बाटलीत? — आई गेली त्या उन्हाळ्यापासून? — हे मला नाही बोलला तो. एक शब्द नाही बोलला. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे? अख्ख्या नदीला माहीत आहे, आणि मी ते चिमटीचिमटीनं वाळूत टाकलं. कोंबडीला दाणे टाकावे तसं.

थांबा. ती उठली. येतेय इकडे. — नाही, तुम्ही काही सांगू नका, ते तुमचं काम नव्हे. — ये हिल्का, सावकाश, ती फळी ओली आहे. यांना अजून कॉफी नको, हे निघालेत. — निघा तुम्ही, पाव्हणे. कप राहू द्या तिथंच. पुढचं बोलणं आमच्या घरातलं आहे. — बस. अशी माझ्याजवळ बस. ती बाटली दे इकडे. — नाही गं, तब्येत ठीक आहे माझी. हिल्का, हे सोनं ओइवानं पाठवलंय तुला. मी सांगितलं नाही.