कुंडीतील लिंबाच्या झाडाच्या कथित अदलाबदलीबाबत

मी, खाली सही करणार, वय ७४ वर्षे, व्यवसाय तर्कशास्त्राचा सेवानिवृत्त प्राध्यापक, राहणार चार मजली इमारत, तिसरा मजला, उजवीकडील घर, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझ्या बाल्कनीत कुंडीत वाढवलेले ठेंगणे लिंबाचे झाड आहे. माझ्या पत्नीने ते अकरा वर्षांपूर्वी आणले. तिचे निधन दोन वर्षांपूर्वी झाले. छाटणी तीच करीत असे. ती काय कापते, हे मी कधी विचारले नव्हते.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी पाच महिने मुलीकडे होतो. किल्ली समोरच्या घरातील शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे होती. पाणी घालावे, एकही पान तोडू नये, असे मी त्यांना बजावले होते.

परवा परतलो. कुंडी तीच होती, कडेचा टवका तोच होता. परंतु झाडाला एका देठावर तीन-तीन पाने आणि बोटभर काटे होते. माझ्या झाडाचे पान एकेरी होते. झाड तेच असेल तर पान तेच असले पाहिजे. पान ते नाही. म्हणून झाड ते नाही. त्याच संध्याकाळी सदर बाईंच्या बाल्कनीत एकेरी पानांचे, सात लिंबे लागलेले झाड मला दिसले. "काकूंच्या लिंबाचा वास काही औरच," असे त्या पूर्वी दोनदा म्हणाल्या होत्या. तारखा माझ्या वहीत आहेत.

काल मी पोलीस चौकीत तक्रार दिली. अंमलदारांनी "सर, कलम कोणतं लावू?" असे विचारले. मी "लिंबाचे" असे सांगितले. ते हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

आज सकाळी अकरा वाजता अंमलदार एका रोपवाटिकावाल्यास घेऊन घरी आले. त्याने माती उकरली व म्हटले, "झाड बदललेलं नाही, साहेब. हे कलम आहे. खाली खुंट रानटी, वर लिंबू बांधलेलं. खुंटाला फुटवे आले की लगेच खुडायचे असतात. ह्या तीन पानांच्या दोन फुटव्यांनी वरचं लिंबू मारलं. हे बघा वाळकं खोड."

फुटव्यांचे वय त्याने दोन वर्षे सांगितले. ते मला माहीत होते. पत्नी गेल्यानंतरच्या महिन्यात ते आले. त्या घरात दुसरे काही वाढत नव्हते, म्हणून मी ते राखले. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची पाने मला नीट दिसत नव्हती.

बाईंना त्यांच्या झाडाबद्दल विचारले असता त्या म्हणाल्या, "काका, चोरी कसली? काकूंनीच गुटी बांधून दिली. फांदीची साल सोलली, ओलं शेवाळ गुंडाळलं, मुळं फुटल्यावर कापून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, कारणं विचारत बसतील."

हे वाक्य माझ्या पत्नीचेच आहे, याबद्दल मला शंका नाही.

सबब बाईंचे झाड माझ्याच झाडाचे आहे, पण चोरीचे नाही. माझे अनुमान नियमात होते. पहिले विधान खोटे होते. बाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. "न्या की काका, तुमचंच आहे," असे त्या म्हणाल्या. मी नकार दिला. त्यांनी मला त्याच झाडाची गुटी बांधून देण्याचे कबूल केले आहे. मी शेजारी उभे राहावे, पण कारण विचारू नये, ही त्यांची अट आहे. ती मला मान्य आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः चष्मा लावून वाचला. मी सांगितले तेच यात आहे आणि ते खरे आहे.