माईची पाठ

लुंबिनी : आज्जे, परत मूर्तीच्या मागं? ये बरं इकडं. तो गार्ड कधीचा बघतोय.

नागुबाई : बघू दे. म्या काय चोरी करून राहिले का? ही न्हाई. हिच्या अंबाड्यात फूल हाय. चल फुडं.

लुंबिनी : सकाळपासून म्युझियमचे सगळे मजले फिरलो. लोक समोरून बघतात, फोटो काढतात. तू एकटीच भिंतीत डोकं खुपसतेस!

नागुबाई : पाट्यांवर गावाचं नाव न्हाई म्हणतीस, समोरून वळखू येईना, म्हणून तर! समोरून कधी बघितलीच न्हाई.

लुंबिनी : म्हणजे? लहानपणी देवळातल्या माईला रोज बघायचे म्हणालीस ना?

नागुबाई : रोज बघायचे. पाठ! देवळाची मागली भिंत पडलेली आन् आपली वस्ती त्याच अंगाला. फुडल्या दारानं जायाची आपल्या लोकांना बंदी. समोरून गाव तिला लुगडं नेसवायचं, चांदीचा मुखवटा चढवायचं. आमच्या वाट्याला उघडी पाठ. माझी माय तिथूनच हात जोडायची. म्या इचारलं, माईचं तोंड कसं हाय गं? तर माझ्याच पाठीत धपाटा!

लुंबिनी : मग गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि सरकारनं मूर्ती मुंबईला आणली. माहीत आहे गं. पण आपण बौद्ध. आपल्याला देवीचं काय पडलंय?

नागुबाई : नवस फेडाया आले का म्या? नारळ हाय का हातात? तोंड बघाया आले. ते बघितल्याबिगर रातच्या लातूर गाडीत पाय ठेवायची न्हाई. गुडघे गेले चुलीत.

भुजंग : ओ आजी! मूर्तीच्या मागं काय करून राहिल्या? बंद व्हायची वेळ झाली.

नागुबाई : 'करून राहिल्या'? कुठला रं तू बाबा?

भुजंग : देगलूरचा. भुजंग.

नागुबाई : आत्ता! आपलाच की! म्या उदगीरकडली नागुबाई, ही माझी नात लुंबिनी. भुजंगा, एक बाई धुंडून राहिले. अंबाडा डावीकडं कललेला, पाठीवर दुपदरी माळ, उजव्या खांद्याचा टवका उडालेला.

भुजंग : लोक नाव सांगतात आजी, गाव सांगतात. पाठ सांगणाऱ्या तुम्हीच. ह्या दालनातल्या बाकीच्या तर भिंतीपासून वीतभरच लांब हायत, पाठ दिसायची कशी? उद्या या.

नागुबाई : उद्या न्हाई. आज.

लुंबिनी : दादा, सेल्फीच्या काठीला मोबाईल लावून मागं घालते. मूर्तीला धक्का लागणार नाही.

भुजंग : लई अवघड माणसं हाव तुम्ही. घाल. पन लवकर.

लुंबिनी : ही बघ.

नागुबाई : न्हाई.

लुंबिनी : ही?

नागुबाई : अगं, हा तर बाप्या हाय!

लुंबिनी : मग ही?

नागुबाई : थांब. मोठं कर जरा. अंबाडा बघ. माळ बघ. खांदा... अगं बया, माई! हीच गं, हीच!

(नागुबाई मूर्तीसमोर येऊन उभी राहते.)

लुंबिनी : आज्जे, रडतेस?

नागुबाई : गप. हिनं पाय का उचललाय गं?

लुंबिनी : पाटीवर लिहिलंय, पायातला काटा काढणारी स्त्री. देवी नाहीच ती. देवळाच्या शोभेसाठी घडवायचे, तसली साधी बाई.

नागुबाई : काटा? मुखवट्याखाली ही काटा काढून राहिली होती व्हय! आन् गाव म्हणायचं, तुमची सावली पडली तर माई कोपल. कोपती कशाची? तिचाच पाय दुखून राहिलाय. बघ की, ओठ कसा दाबून धरलाय. माझी माय असाच दाबायची.

लुंबिनी : जवळ जा तिच्या. दोघींचा फोटो काढते.

भुजंग : आजी, दोरीच्या अलीकडं हं.

नागुबाई : ही दोरी कुणाकुणाला रं?

भुजंग : सगळ्यांनाच. कितीबी मोठा साहेब येऊ द्या, अलीकडंच.

नागुबाई : सगळ्यांनाच ना? मग हितूनच काढ गं लुंबे. समोरून.