कांटोर कबरस्तानात वळला

(मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. साल एकोणीसशे चौदा, ऑगस्टचं ऊन, जर्मनीतलं थुरिंगियाकडचं एक लहानसं गाव. लढाई सुरू होऊन तीन आठवडे झालेत. लष्करानं गावोगावचे घोडे गोळा करून सामानाच्या गाड्यांना जुंपलेत, आणि अशा चाळीस गाड्या स्टेशनाकडे निघाल्यात. पण पहिलीच गाडी रस्ता सोडून कबरस्तानात शिरली आहे आणि तिथून हलत नाही. जोडीतला काळा घोडा मान खाली घालून उभा आहे. आल्विन नावाचा गाडीवान लगाम धरून वर बसलाय. हवालदार श्टॉक लालबुंद होऊन खाली उभे आहेत. आणि भिंतीवर नऊ वर्षांची ओटिली पाय हलवत बसली आहे. दिसलं? आता ऐका.)

श्टॉक: ...आणि मी तुला तिसऱ्यांदा विचारतोय, आल्विन. कबरस्तानात वळ, असं तुला कोणी सांगितलं?

आल्विन: मला कोणी नाही, साहेब. मला वाटलं, घोड्याला सांगितलं असेल.

श्टॉक: घोड्याला हुकूम मी देत नाही. तू देतोस!

आल्विन: मी देतो की. तो घेत नाही.

श्टॉक: आणि मागच्या गाड्या? त्या कशाला आत घुसल्या?

आल्विन: तुमचाच हुकूम होता, साहेब. पुढच्या गाडीची पाठ सोडायची नाही, ती विहिरीत गेली तरी. त्या मानानं ही जागा बरी.

श्टॉक: अकरा गाड्या! थडग्यांच्या मधून अकरा गाड्या! आणि ते सगळे टोप काढून का उभे आहेत?

आल्विन: कबरस्तान आहे ना. लहानपणी आईनं शिकवलेलं, कुठे जातं? तुम्हीही काढा, साहेब. चर्चच्या पायरीवरून दोन म्हाताऱ्या बघतायत.

श्टॉक: बघू देत! सहाला आगगाडी सुटते. ती चुकली तर मला कॅप्टनसाहेबांसमोर उभं राहायचंय, म्हाताऱ्यांसमोर नाही. साखर दिलीस त्याला?

आल्विन: दिली. खाल्ली. लोटेलाही दिली.

श्टॉक: लोटे कोण?

आल्विन: ही शेजारची घोडी. गुणाची आहे. तो थांबला की थांबते, तो निघाला की निघते. स्वतःचं मत म्हणून नाही. थेट आमची मावशी.

श्टॉक: मग चाबूक वाजव!

आल्विन: वाजवला, हवेत. त्यानं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, साहेब, की मीच ओशाळलो. एखाद्याच्या घरी दुःखाचा प्रसंग असावा आणि आपण तिथे शिट्टी मारावी, तसं वाटलं.

श्टॉक: सकाळपासून हेच चाललंय! मुंगी पुढे जाईल, अशी चाल! आणि गावागावांत लोक रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभे!

आल्विन: मला वाटलं, आपल्याला मान देतायत.

श्टॉक: बस झालं. सोड त्याला गाडीतून. मागून राखीव घोडा आण, आणि हे हट्टी धूड पुढच्या गावातल्या खाटकाकडे पाठव.

ओटिली: खाटकाकडे? कांटोरला?

श्टॉक: ए मुली, भिंतीवरून उतर. हे लष्कराचं काम आहे.

ओटिली: भिंत गावाची आहे. आणि तो हट्टी नाहीये. तो कामावर आहे.

आल्विन: तू ओळखतेस याला?

ओटिली: माझ्या आजोबांचा घोडा आहे. मागच्या मंगळवारी तुमच्या लोकांनी नेला. त्यांनी दात बघितले, खूर बघितले, शेपूट उचलूनसुद्धा बघितली. तो काय काम करतो, हे मात्र कोणी विचारलंच नाही.

श्टॉक: काय काम करतो?

ओटिली: मयताची गाडी ओढतो. तेरा वर्षं झाली.

आल्विन: अरे देवा! तरीच ती चाल!

ओटिली: आत माणूस असताना धावायचं नसतं. वाईट दिसतं.

श्टॉक: या गाडीत माणूस नाही! या गाडीत लोकरी चड्ड्या आहेत! सातशे लोकरी चड्ड्या!

ओटिली: ते त्याला कसं कळणार? पेटी लाकडाची आहे, मागून माणसं हळूहळू चालतायत, कोणी हसत नाही. त्याला वाटलं, कोणीतरी मोठा माणूस गेला.

आल्विन: बरोबर आहे, साहेब. चाळीस गाड्या म्हणजे निदान सरदार तरी.

श्टॉक: तू गप्प बस. मुली, तुझे आजोबा कुठे आहेत? त्यांना बोलाव. त्यांनी हा घोडा हलवावा.

ओटिली: लाकूड आणायला गेलेत. सांजेपर्यंत नाही यायचे. पण मला येतं.

श्टॉक: काय येतं?

ओटिली: त्याला हलवायला. पण आधी शब्द द्या. तो चालला, तर खाटीक नाही.

श्टॉक: चालला तर कशाला खाटीक? चालला तर तो स्टेशनावर जाईल आणि इतर घोड्यांसारखा गाडी ओढील.

ओटिली: आणि चालला, पण स्टेशनावर नाही गेला, तर?

श्टॉक: हा काय प्रश्न झाला? लगाम आमच्या हातात आहे!

ओटिली: तरी पण.

श्टॉक: तर मग तुझ्या आजोबांच्या दारात बांधीन आणि राखीव घोडा जुंपून पुढे जाईन! झालं समाधान?

ओटिली: टोप काढून सांगा.

श्टॉक: काय?

आल्विन: काढा, साहेब. पाच वाजत आले.

श्टॉक: ...हा घे काढला. दिला शब्द! आता हलव त्याला!

ओटिली: टोप डोक्यावर नका ठेवू. हातातच असू दे, पोटापाशी. हां, असा. आता प्रार्थना म्हणा.

श्टॉक: मी?

ओटिली: पास्टरसाहेब नसले की सगळ्यात मोठ्या माणसानं म्हणायची असते. तुम्हीच मोठे दिसता.

आल्विन: पोटावरून तरी.

श्टॉक: आल्विन!

ओटिली: ओरडू नका, त्याचे कान बघा. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. मोठ्यानं म्हणा, पण रागानं नाही.

श्टॉक: बरं... म्हणतोय... आल्विन, प्रार्थनेत रोजच्या भाकरीनंतर काय येतं?

आल्विन: आमच्याकडे कॉफी यायची, साहेब.

ओटिली: भाकरीनंतर माफी. आमच्या शाळेत हे चुकलं तर पट्टी मिळते.

श्टॉक: माफी... हां, माफी. मी लढाईला निघालोय आणि नऊ वर्षांची पोरगी माझी परीक्षा घेतेय. तुझे आजोबा आले की सांगतो त्यांना. एवढं कसलं लाकूड आणायला गेलेत ते, भर कापणीच्या दिवसांत?

ओटिली: सरकारनं पेट्या सांगितल्यात. दोनशे.

श्टॉक: चड्ड्यांच्या?

ओटिली: नाही. लांब.

श्टॉक: आल्विन, कुठपर्यंत आलो होतो मी?

आल्विन: माफीपर्यंत, साहेब.

श्टॉक: हं. आमेन. पुढे काय?

ओटिली: आता माती. तीन मुठी, पेटीच्या लाकडावर. आवाज व्हायला पाहिजे, तो कान देऊन मोजतो. वरचं कापड बाजूला करा.

श्टॉक: बादशहाच्या मालावर माती टाकू? हे कागदावर काय म्हणून लिहू?

आल्विन: लिहा, साहेब, की चड्ड्यांना सन्मानानं निरोप दिला.

श्टॉक: टाक. तूच टाक. मी तिकडे बघतो.

आल्विन: ही एक.

ओटिली: कान हलले बघा.

आल्विन: ही दुसरी. साहेब, मान वर आली! ही तिसरी!

ओटिली: आता हे गृहस्थ पोचले, असं त्याला कळलं. गाडीवर चढा, साहेब, लवकर. आता तो मागच्या दारानं निघेल.

श्टॉक: मागच्या दारानं? मग स्टेशन कुठल्या हाताला?

ओटिली: डाव्या.

श्टॉक: आणि उजव्या हाताला काय आहे?

ओटिली: आमचं घर.

श्टॉक: ऐकलंस, आल्विन? डावीकडे! बघ, निघाला! शाबास रे गड्या! अक्कल लढवली की जनावर ऐकतं, मी नेहमी सांगतो. हां, आलं दार. आता डावीकडे. डावीकडे, आल्विन!

आल्विन: मी डावीकडेच ओढतोय, साहेब. तो उजवीकडे चाललाय.

श्टॉक: अरे, धावतोय हा! सकाळपासून पाऊल उचलत नव्हता, आणि आता चौखूर!

आल्विन: काम संपलं ना त्याचं. शाळा सुटल्यावर मीही असाच धावायचो. लोटेबाई, तुम्हीसुद्धा? बघा, साहेब, कशी हसत पळतेय.

श्टॉक: मागच्या गाड्या वळव! त्यांना सांग डावीकडे!

आल्विन: सगळ्या आल्या आपल्या मागे. पाठ कोणी सोडलेली नाही, साहेब. एकही नाही.

श्टॉक: हे तिला माहीत होतं! त्या पोरीला आधीपासून माहीत होतं!

आल्विन: होतं खरं. पण खोटं एक अक्षर बोलली नाही. आणि तुम्ही शब्द दिलाय.

श्टॉक: दिलाय.

आल्विन: अकरा गाड्यांसमोर.

श्टॉक: दिलाय म्हणालो ना! हवालदार श्टॉक दिलेला शब्द... हळू रे, हळू! मी पडेन! राखीव घोडा आणायला सांग, दहा मिनिटांत जुंपता आला पाहिजे. आणि ती पोरगी कुठे आहे? भिंतीवर दिसत नाही.

आल्विन: ती बघा, मधल्या वाटेनं, कोबीच्या वाफ्यांतून. वेण्या कशा उडतायत.

श्टॉक: घाबरून पळाली वाटतं.

आल्विन: नाही, साहेब. आपल्या आधी पोचतेय ती. तबेल्याचं दार उघडून धरायला.