ब्रुन्शेनच्या वळणावर

— अहो, हळू कशाला बोलताय? बाबागाडीतली ती आवाजानं उठत नाही. न्यूर्बुर्गची पोर आहे, रेसट्रॅकच्या गावची. ट्रॅकवर गाड्या किंचाळत असल्या की ढाराढूर झोपते, आणि सगळं शांत झालं की टक्क जागी! बसा ना. फोटो काढायला आलात? मग हेच वळण बरं, इथं सगळे चुकतात. माझा नवरा नाही चुकत. म्हणजे, अजून नाही. रूबेन. पिवळी गाडी, जुनी, दिसली की सांगा — मी बघतेच आहे म्हणा, पण चार डोळे बरे. आज सगळ्यांना खुला आहे ना ट्रॅक, तिकीट काढायचं आणि घुसायचं, म्हणून गेला. संध्याकाळी गाडी न्यायला कोब्लेन्झहून माणूस येतोय — ही गाडी का? छे, हिचा आवाज फाटका आहे — बाळ झाल्यावर ठरलं आमचं, विकायची. सासूबाई म्हणाल्या, "स्वेन्या, शहाणी झालीस गं एकदाची." शहाणी! पुस्तक उघडून बाळाची शिंक तपासणारी बाई मी. इथं ऊन आहे बघा, पण जंगलापलीकडं पाऊस असेल, आयफेलच्या डोंगरांत असंच, एका फेरीत दोन ऋतू — आणि टायर उन्हाळ्यातले. अडवलं नाही का? कुठलं हो! मीच म्हटलं, तू आधी जा, रस्ता ओला आहे का बघून ये, मग — सासूबाईंना सांगू नका हं — मग मी. हो, मी! गाडी माझी आहे, लग्नाआधीपासूनची. हे वळण माझ्या हातांना पाठ आहे. दुधाची बाटली धरलेली असली तरी वळतात मेले, हसू नका. माझ्यासाठी गेलाय तो. ओला असला तर येऊन सांगणार, आणि मी मुकाट्यानं त्या कोब्लेन्झवाल्याला किल्ली —

एव्हाना यायला हवा होता. लाल होती ना ती? तिच्यामागं कुणी — नाही? खा तुम्ही, बटाटे गार होतायत.

थांबा. कॅमेरा ठेवा खाली. ऐकू येतंय काही? एकही इंजिन नाही. असा भरदुपारी मधेच ट्रॅक बंद करतात, तो फक्त कुणीतरी — नका, बोलू नका. जा तुम्ही. जा ना!

उठली पोर.